पायलट व्हायला वावर विकावं का?

दिवाळी झाली होती, कापसाचा पहिला वेचा घराघरांत येऊन पडला होता. अशा दिवसांत एक बाप माझ्याकडे आला. हातात मेडिकल स्टोअरची पांढरी पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेला सातबारा. पोरगा माझ्याच वर्गात, बारावी सायन्सला. बाप खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "सर, पोट्टं पायलट व्हतो म्हन्ते. तीन एकर काढा लागते. तुमी सांगा, इकू का नोको?" मग त्यानं सातबारा टेबलावर पसरला. घडीच्या रेषांवर कागद फाटायला आला होता. गट क्रमांकावर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "हे विहिरीचं वावर हाये."

मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचा विमानतळ इथून फार दूर नाही. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईचं विमान सुरू झालं आणि वर्गातल्या पोरांचे प्रश्न बदलले. आधी डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा एवढंच ऐकू यायचं. आता दर वर्षी दोन-चार पोरं आणि एखादी पोरगी विचारते, "सर, पायलट कसं व्हतात?" मला या प्रश्नाचा आनंद होतो. पण त्यामागून बाप सातबारा घेऊन आला की पोटात गोळा येतो.

हवाई दल की प्रवासी विमानकंपनी, हा वाद शहरात घातला जातो तेव्हा त्याचे दोन खांब ठरलेले असतात. एकीकडे देशसेवा, वर्दी, थरार. दुसरीकडे पैसा, आराम, घरसंसार. जणू पोरापुढं दोन्ही ताटं वाढून ठेवली आहेत आणि त्यानं आवडीप्रमाणे एक उचलायचं आहे. आमच्याकडं प्रश्न वेगळा आहे. पोरगा मध्येच अडकला, नापास झाला, डोळ्यांत दोष निघाला किंवा परवाना मिळूनही नोकरी लागली नाही, तर त्याची किंमत कोण मोजणार? हवाई दलाच्या वाटेवर ती किंमत बहुतांशी सरकार मोजतं. खासगी वाटेवर ती बापाच्या विहिरीच्या वावरातून वसूल होते. पाच एकरवाल्या घरातल्या पोरानं आधी हवाई दलाचं दार ठोठवावं आणि खासगी वाटेसाठी जमीन तर विकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, व्यावसायिक वैमानिक परवाना काढायला २०० तासांचं उड्डाण लागतं. भारतात त्याचा खर्च आज ५० ते ६० लाखांच्या घरात जातो. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असं नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, करावं लागतं, त्याचे आणखी १५-२० लाख. विमानकंपन्यांच्या कॅडेट कार्यक्रमांतून गेलं तर आकडा कोटीच्या पुढे जातो. फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी सरकारी आहे, प्रवेश परीक्षेनं तिथं जागा मिळते, पण तिचीही फी ४० लाखांच्या वर.

हे आकडे त्या बापाला समजेनात, म्हणून मी कापसात सांगितले. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. व्यापारी त्याहून कमी देतो, पण धरू हमीभावच. नुसत्या परवान्याचे ६० लाख म्हणजे जवळजवळ ७४० क्विंटल कापूस. कोरडवाहू पाच एकरांत एकरी सहा क्विंटल धरले तर वर्षाला ३० क्विंटल. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी काही वजा न करता, घरात कुणी न जेवता, पंचवीस वर्षांचा अख्खा कापूस. बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, "आन् बोंडअळी आली तं?"

बँकेकडं जावं तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. शहरातला फ्लॅट चालतो. समजा, कुणाच्या तरी फ्लॅटच्या आधारानं ६० लाख मिळाले. साडेदहा टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ८० हजारांच्या आसपास. नोकरी लागली तर तो हप्ता जड नाही, हेही खरं. विमानकंपनीत फर्स्ट ऑफिसरचा पगार लाखांत असतो आणि कॅप्टनचा त्याच्या काही पट. सगळा खेळ त्या 'लागली तर'चा आहे.

हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतीत झालेला प्रकार. हुशार पोरगा, गणितात पैकीच्या पैकी. वडिलांनी तालुक्याच्या रस्त्याला लागून असलेली जमीन विकली. ज्या प्रशिक्षण संस्थेत घातलं तिथं पैसे आधी भरून घेतले, पण विमानं कमी, प्रशिक्षक कमी. कधी विमान दुरुस्तीला, कधी पावसाळा, कधी नुसतीच रांग. महिन्याला दहा तासही उड्डाण होईना. दीड वर्षात संपायचं ते चार वर्षं चाललं. दर सहा महिन्यांनी खोलीभाडं, मेस आणि पुन्हा काहीतरी फी. परवाना हाती आला तेव्हा टाइप रेटिंगला पैसे उरले नव्हते. तो आज एका विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काम करतो. कामात काही कमीपणा नाही. पण लग्नाच्या पत्रिका वाटायला गावी आला तेव्हा बसस्टँडवरून तो दुसऱ्या वाटेनं घरी गेला, कारण नेहमीची वाट त्या विकलेल्या वावराच्या धुऱ्यावरून जाते. मी त्याच्यासोबत होतो. त्यानं कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता हवाई दलाकडं बघू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेल्या पोराला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची परीक्षा देता येते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० ची, त्यानंतर एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत ९०० ची. निवड झाली की खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल प्रबोधिनीत उड्डाणाचं शिक्षण. सुरुवात पिलॅटस या प्रशिक्षण विमानावर. पुढं कुणी लढाऊ विमानांकडं जातो, कुणी मालवाहू विमानांकडं, कुणी हेलिकॉप्टरकडं. या सगळ्यात बापाच्या खिशातून उड्डाणाचा एक रुपया जात नाही. प्रबोधिनीतल्या शेवटच्या वर्षात तर पोरालाच महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. एनडीए हुकली तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा आहे, यूपीएससीची सीडीएस आहे, एनसीसीतून थेट मार्ग आहे. फुकट शिक्षण हा शब्द मी वापरत नाही, कारण त्याची किंमत पोरगा आयुष्याच्या वर्षांनी फेडतो. पण ती किंमत त्याची स्वतःची असते, बापाची आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाची नसते.

आधी हवाई दल म्हणण्याचं दुसरं कारण वयाचं आहे आणि ते आमच्या पालकांना कुणी सांगत नाही. खासगी वाटेला वरची वयोमर्यादा नाही. अठरा पूर्ण झालेला कुणीही, पंचविसाव्या वर्षीसुद्धा, परवान्याच्या मागे लागू शकतो, आणि प्रवासी विमान ६५ व्या वर्षापर्यंत चालवता येतं. हवाई दलाचं दार मात्र साडेएकोणीसला अर्धं लागतं आणि चोविसाव्या वर्षी जवळजवळ पूर्ण. डीजीसीएचा परवाना असलेल्याला एएफकॅटमध्ये २६ पर्यंत सवलत आहे, एवढीच काय ती फट. आधी खासगी बघतो, नाही जमलं तर एअरफोर्स, असं म्हणणाऱ्या पोरानं क्रमच उलटा लावलेला असतो.

ते दार अरुंद आहे, हेही सांगायला हवं. एनडीएच्या एका परीक्षेत हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी ९२ च्या आसपास जागा असतात, अख्ख्या देशाला मिळून. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी किमान ९९ सेंटिमीटर. डोळे जवळजवळ निर्दोष हवेत. खासगीत चष्मा चालतो, इथं फारसा चालत नाही. आणि सीपीएसएस नावाची वैमानिक कलचाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथं एकदा अपात्र ठरलं की हवाई दलात वैमानिक होणं कायमचं संपलं. माझा एक विद्यार्थी एसएसबीला म्हैसूरला गेला आणि या चाचणीत बाहेर पडला. त्यानं तोवर आयुष्यात जॉयस्टिक धरली नव्हती. शहरातली पोरं व्हिडिओ गेम खेळून हात बसवून येतात. रडत फोन केला, "सर, माझे हातच वळले नाहीत." सहा महिन्यांनी त्यानं कृषी पदवीला प्रवेश घेतला. आज तो कृषी सहायक आहे. त्याच्या बापाचं वावर जागेवर आहे, विहीरही. त्याच्या वाट्याला आलेलं दुःख मोठं होतं, पण त्यातून उठून उभं राहता आलं. बसस्टँडवरून दुसऱ्या वाटेनं घरी जाणाऱ्या पोराला ते अजून जमलेलं नाही.

माझ्या बोलण्याचा एक चुकीचा अर्थ निघू शकतो. काही पालक म्हणतात, "मंग एअरफोर्समध्ये फुकट शिकून घेऊ, आन् मंग विमानकंपनीत जाऊ." तो विचार मनात घेऊन कुणी त्या दारात उभं राहू नये. हवाई दल वैमानिक घडवतं ते देशासाठी लढायला. कायमस्वरूपी कमिशनवाल्याला, म्हणजे कायम अधिकारपद मिळालेल्याला, मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीचीही चौदा वर्षं आहेत आणि त्यावर पेन्शन नाही. पेन्शनसाठी वीस वर्षं भरावी लागतात. बदली आसामातल्या जोरहाटला होईल, राजस्थानातल्या नालला होईल, लडाखमधल्या थोइसेला होईल. पोळ्याला घरी येणं जमेलच असं नाही. चाळिशीनंतर कॉकपिटपेक्षा टेबलावरचं काम वाढतं, आणि ज्याला फक्त उडायचंच आहे त्याला ते टोचतं. हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली आणि संख्या २९ वर आली. विमानं कमी, जबाबदारी तेवढीच, म्हणजे जे आहेत त्यांच्यावर ताण जास्त. या सगळ्याला मनापासून 'हो' म्हणणाऱ्यानंच जावं. एसएसबीचे पाच दिवस हेच तपासायला असतात आणि नाटक करणारा तिथं बहुधा उघडा पडतो.

आमच्या भागात या वाटेची ओळखच कमी, हे माझं जुनं शल्य आहे. साताऱ्यातल्या अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, घरटी एक फौजी. तिथल्या पोराला कमिशन म्हणजे काय ते काका सांगतो. आमच्या गावात सैन्य म्हणजे पुलगावचा दारूगोळा डेपो आणि भद्रावतीचा आयुध कारखाना, म्हणजे नोकरी. नागपुरात हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय आहे, तिथल्या वायुसेनानगराजवळून आम्ही कित्येकदा जातो, पण आत काय चालतं ते कुणाला ठाऊक नसतं. निवडणुकीत गडचिरोलीच्या आतल्या गावांत मतदान पथकं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं पोचवली जातात. ते हेलिकॉप्टर चालवणाराही वैमानिकच, आणि त्याला लढाऊ विमान मिळालं नाही म्हणून तो कमी ठरत नाही. पोरांच्या डोक्यात वैमानिक म्हणजे एकतर सुखोई नाहीतर दुबईची फ्लाइट. मधलं काही त्यांना कुणी दाखवलंच नाही. विदर्भातूनही हवाई दलाचा प्रमुख झाला आहे: २००९ ते २०११ या काळातले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक मूळ नागपूरचे. माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एकालाही ठाऊक नव्हतं.

दोन वाटा एकाच आयुष्यात मिळतात, त्याचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे. कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपूरला राहत. दुंडीगलला त्यांनी सर्वोत्तम कॅडेटची मानाची तलवार मिळवली, लढाऊ विमानं उडवली, विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि मग प्रवासी विमानांचे कॅप्टन झाले. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला भर पावसात त्यांचं विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं. त्यात ते, त्यांचा सहवैमानिक आणि एकोणीस प्रवासी गेले. मी हे नाव घेतो ते एवढ्यासाठी की आमच्या आयाबाया "एअरफोर्समध्ये जीवाचा धोका, कंपनीत सुखरूप" अशी सरळ वाटणी करतात. लढाऊ विमानाचा धोका जास्त, यात वाद नाही. पण खासगी कॉकपिट म्हणजे एसी ऑफिस नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरच्याच विमानतळावर एक तरुण वैमानिक ड्युटीवर जाताना बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीची चर्चा देशभर झाली. आता आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती नियमात आली आहे. ते नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वात मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांना किती ताणलं जात होतं, ते त्यावरून ओळखावं.

आणि कंपन्या बुडतात. किंगफिशर २०१२ ला जमिनीवर आली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. प्रत्येक वेळी शेकडो परवानाधारक एकदम रस्त्यावर आले आणि नव्यानं परवाना काढलेली पोरं त्यांच्या मागे रांगेत ढकलली गेली. आज चित्र चांगलं आहे. एअर इंडियानं २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोनं ५०० ची. वैमानिक लागणार आहेत. पण आमच्या शेतकऱ्याला हा खेळ नवा नाही. सोयाबीनला भाव होता म्हणून सगळ्यांनी सोयाबीन पेरलं, तेव्हा पुढं काय झालं ते त्यानं भोगलं आहे.

तरीही ज्याला वर्दी नको, प्रवासी विमानच चालवायचं आहे, त्याची इच्छा हलकी नाही. त्याला मी पैशाचा क्रम सांगतो. आधी डीजीसीएची क्लास टू वैद्यकीय तपासणी, काही हजारांत होते. रंगांधळेपण किंवा हृदयाचा दोष असेल तर तिथंच कळतं, साठ लाख भरल्यावर नाही. मग घरी बसून लेखी पेपर: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक. पासिंग ७० टक्क्यांना. सगळं इंग्रजीत. ते पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात निघाले तर समजावं की पोरात दम आहे. फ्लाइंगचे पैसे त्यानंतर, तेही एकरकमी नाही, झालेल्या तासांप्रमाणे. जी संस्था सगळे पैसे आधी मागते तिच्या दारातून परत फिरावं.

अकरावीच्या प्रवेशाला एक गोष्ट दर वर्षी हातातून निसटते. नीटच्या नादात गणित सोडून जीवशास्त्राचा ग्रुप घेतात, तोही बरेचदा मित्रानं घेतला म्हणून. त्या एका सहीनं दोन्ही दारं बंद होतात. मुलींच्या बाबतीत तर घरचेच म्हणतात, "गणित कशाले?" २०१६ मध्ये हवाई दलात तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून एनडीएत मुली आहेत आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी तिथून बाहेर पडल्या. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरीची उंची १६४ आहे. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आलो आहे, तिसऱ्यांदाही जाणार आहे.

आता सरकारकडं वळतो, कारण बापाला "वावर विकू नको" सांगून माझं काम संपत नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोंदियाच्या धानपट्ट्यात बांधली. तिथं कित्येक वर्षांपासून वैमानिक प्रशिक्षण संस्था चालते. रोवणीच्या बाया मान वर करून ती छोटी विमानं बघतात. बेलोऱ्याला एअर इंडिया प्रशिक्षण संस्था उभारते आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवू, असं कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं. जमीन इथली, आभाळ इथलं, धावपट्टीला पैसा सरकारचा. शिकायला मात्र तोच येणार ज्याच्या बापाकडं पुण्या-मुंबईत तारण ठेवायला फ्लॅट आहे. हे मला मान्य नाही. सरकारनं जमीन आणि धावपट्टी दिली आहे, तर बदल्यात अशा प्रत्येक संस्थेत काही जागा त्या जिल्ह्यातल्या ग्रामीण मुलामुलींना पूर्ण शिष्यवृत्तीवर मिळाल्या पाहिजेत. उरलेल्यांच्या कर्जाला राज्यानं हमी द्यावी आणि हप्ता नोकरी लागल्यावर पगारातून कापावा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं काही वर्षांपूर्वी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मोजक्या विद्यार्थ्यांसाठी अशी योजना आणलीच होती. म्हणजे कल्पना परकी नाही, ती वाढवायची आहे.

हवाई दलाच्या बाजूनंही काम आहे. संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएसाठी पोरं घडवते. मुलींची नाशिकला २०२३ मध्ये झाली. चंद्रपूरजवळ २०१९ ला सैनिक शाळा आली, ते उत्तम झालं. पण अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या पोराला दहावीनंतर जवळ काही नाही. विभागात अशी एक संस्था हवी आणि तिथं सीपीएसएसच्या सरावाचं यंत्र हवं, म्हणजे आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या संधीच्या दिवशी आमचं पोर पहिल्यांदा जॉयस्टिक धरणार नाही.

त्या बापाला मी सातबारा घडी करून परत दिला. पोराचा एनडीएचा अर्ज माझ्या मोबाइलवरून भरला. डोळे तपासायला तो अमरावतीला जाऊन आला, निर्दोष निघाले. उंची १६८. इंग्रजी कच्चं आहे, त्यासाठी तो संध्याकाळी माझ्याकडं येतो, येताना पिशवीत कधी वाळकं आणतो, कधी तुरीच्या शेंगा. बेलोऱ्याच्या संस्थेत जिल्ह्यातल्या मुलांना किती जागा ठेवणार, हे विचारणारं पत्र मी जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन आलो आहे. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा जातो.